शून्यावरून जाणारा काटा

काटा शून्यावर आला तेव्हा केबिनमधल्या दोघांना हायसं वाटलं, काटेबाईने मात्र चहाचं पातेलं पुढे ओढलं.

त्या दोघांतला एक दगडखाणीचा फोरमन. त्याच्या रेनकोटाचं पाणी तिच्या वह्यांवर गळत होतं आणि त्याला त्याचं काही नव्हतं. दुसरा तिचा धाकटा दीर, खाणीतला सुरुंगवाला. तोही नखशिखांत भिजलेला, पण स्टूल रिकामं असून बसत नव्हता. दारातच एक पाय आत, एक पाय बाहेर. खाली खाणीच्या तळाशी खडकात छत्तीस भोकं पाडलेली होती. प्रत्येक भोकात दारू ठासलेली, दारूत ती पेटवणारा एकेक डेटोनेटर, आणि प्रत्येक डेटोनेटरच्या दोन दोन वायरी भोकाबाहेर पावसात लोळत पडलेल्या. त्या वायरी एकीला एक जोडायला कुणीतरी खाली जायचं होतं. ते कुणीतरी म्हणजे दीर.

"हिरव्यात आला," फोरमन म्हणाला. "वाजवा भोंगा."

"वाजवते की. आधी चहा ठेवते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चहाचं हे काय प्रकरण होतं ते कळायला थोडं मागे जायला लागेल, आणि आधी त्या काट्याचं सांगायला लागेल.

हवेत वीज असते. ढगात असते ती तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण कडकडीत उन्हात, निळ्या आभाळाखाली उभे राहिलात तरी तुमच्या भोवतीच्या हवेत ती असतेच. जमिनीपासून हातभर वर गेलात की थोडी, डोक्याइतकं वर गेलात की आणखी. झटका बसत नाही, दिसत नाही, वास नाही. नुसती उभी असते, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखी. आणि ढग आला, पाऊस आला, की हा पाहुणा उठतो आणि घर डोक्यावर घेतो. शंभर व्होल्टचे पाच हजार होतात. सुलटीची उलटी होते. ढगाखालून पावसाचा प्रत्येक थेंब स्वतःचं काहीतरी गाठोडं बांधून खाली आणतो आणि जमिनीलगतच्या हवेत ओतून मोकळा होतो. माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. पण डेटोनेटरला असतं. त्याला एवढीशी वीज पुरते. मालकाने बटण दाबून दिलेली की आभाळाने दिलेली, ते तो विचारत नाही.

हे खाणीला चौदा वर्षांपूर्वी कळलं, काटेबाईच्या नवऱ्याच्या कानावरून. तेव्हा सुरुंगाचं काम तोच करायचा. दुपारचं ऊन होतं, ढग लांब टेकडीपलीकडे नुसता गुरगुरत होता, आणि वर बघून सगळे म्हणाले होते, "इकडे कुठे येतोय!" ढग आलाच नाही. भोक मात्र आपोआप उडालं. नवरा बारा पावलांवर होता. डावा कान गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. आता तो घरी असतो, लोकांचे पंखे-मिक्सर दुरुस्त करतो आणि आल्या-गेल्याला सांगतो, "उजवा कान बायकोसाठी ठेवलाय, डावा फोरमनसाठी." हसतो. त्याच्या हसण्याला सगळे हसतात. ती हसत नाही, कारण तो रात्री झोपेत कुणाला हाका मारतो ते फक्त तिला ऐकू येतं.

त्यानंतर तीन वर्षांनी मालकाने ते यंत्र आणलं. केबिनबाहेर एक खांब, त्याच्या टोकाला जमिनीकडे तोंड करून पालथी मारलेली पत्र्याची वाटी, आत गरगर फिरणारी पाती. खाणीतले लोक त्याला भिंगरी म्हणतात. भिंगरी हवेतली वीज चाटून बघते आणि आत टेबलावरच्या ताटाएवढ्या तबकडीवर काटा हलवते. मधे शून्य. उजवीकडे एक तऱ्हा, डावीकडे उलटी तऱ्हा. खाली एक बटण, मोठं माप आणि बारीक माप. मोठ्या मापावर काटा दहा हजारांपर्यंत जातो, बारीक मापावर हजारापर्यंत.

काट्यापुढे बसायला सातवी शिकलेलं आणि एका जागी बसू शकणारं माणूस हवं होतं. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं. यंत्र बसवणारा माणूस एक तास बोलला. त्यातलं अर्धं तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, आणि निघताना म्हणाला, "लांब गेला की धोका, शून्याजवळ असला की बरं."

"जवळ म्हणजे किती जवळ?" तिनं विचारलं होतं. तोवर जीप सुरू झाली होती.

मग तिनं तिच्या डोक्याने केलं. घराच्या खिडकीला मारून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता. काडीला कापूस गुंडाळून तिनं मोठं माप धरून तबकडीच्या काचेवर शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा हिरवा पट्टा मारला. सुरेख मारला, कुठे ओघळ नाही. फोरमन खूश झाला. अडाण्यालाही कळेल असं काम झालं म्हणाला. तेव्हापासून खाणीचा नियम झाला: काटा हिरव्याबाहेर गेला की तीन आखूड भोंगे, सगळ्यांनी वर यायचं. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाला आणि काटा हिरव्यात आला, की एक लांब भोंगा, सगळ्यांनी खाली जायचं. भोंग्याचं बटण काटेबाईच्या टेबलावर, लाकडी झाकणाखाली. आणि भिंतीवर पाटी: खोटा भोंगा वाजवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवण्यात येईल.

पहिली सहा वर्षं ती हिरव्या पट्ट्यावर देवासारखा विश्वास ठेवून बसली.

पण ती बाई अशी, की बसवलं तिथे बसते आणि बसल्या बसल्या बघते. दर दहा मिनिटांनी काटा वहीत लिहायचा हे तिचं काम. बाकीच्यांनी नुसतं 'ठीक' लिहिलं असतं. ती बारीक माप लावून आकडा लिहायची. शंभर. एकशे दहा. नव्वद. धुकं असलं की सकाळी अडीचशे. दगड फोडायच्या यंत्राची धूळ वाऱ्याबरोबर आली की काटा वेड्यासारखा इकडे-तिकडे. कोळ्याने भिंगरीत जाळं विणलं की आकडा भलताच, म्हणून रोज सकाळी ती स्टुलावर चढून जुन्या बनियनच्या चिंधीने भिंगरी पुसते. आणि असं लिहिता लिहिता सातव्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की सहा वर्षांच्या वह्यांत चांगल्या, कोरड्या, निवांत दिवशी शून्य कधीच नाही. एकदाही नाही. निवांत दिवसाचा आकडा शंभर. शंभराच्या आगेमागे, आणि तिथे ठिय्या.

मग शून्य कधी? तिनं जुन्या वह्या काढल्या, पत्र्याच्या पेटीतून, एकेक. शून्य सापडलं ते वादळाच्या शेपटाला. पाऊस ओसरला, सगळे म्हणतात झालं, आणि काटा डावीकडून सावकाश सरकत शून्यावर येतो. येतो आणि थांबत नाही. तसाच पुढे उजवीकडे जातो. दोन हजार, तीन हजार. मग परत. पाळणा थांबायच्या आधी जसा मोठे मोठे झोके घेतो तसा. मोठ्या मापावर शून्य आणि शंभर यांत केसाएवढाही फरक दिसत नाही, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. निवांत काटाही हिरव्यात, आणि झोक्यातला काटाही हिरव्यात.

म्हणजे तिचा हिरवा पट्टा धादांत खोटा होता.

हे तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. आधी वाटलं, आपण सातवी पास, आपलंच काहीतरी चुकत असेल. खात्री झाली तोवर आठवं वर्ष लागलं, आणि तेव्हा लाज आडवी आली. आपण मारलेल्या रंगावर माणसं एवढी वर्षं दारूत उतरली हे कुठल्या तोंडाने सांगायचं? चूक झाली तिची, यात काही झाकायचं नाही. पण ती हातावर हात ठेवूनही बसली नाही. तिनं वहीत चांदण्या काढायला सुरुवात केली. शून्य येऊन पुढे गेलं की एक चांदणी. आणि लांब भोंगा द्यायची वेळ आली की ती काहीतरी काढायची. बटण अडकलं. चष्मा सापडत नाही. चहा उतू गेला, एक मिनिट. असं करत करत काटा शंभरावर येऊन ठिय्या देईपर्यंत ती वेळ काढायची. खाणीत म्हणच पडली, 'काटेबाईचा चहा उकळला की भोंगा.' लोक तिला मंद समजले. समजू दिलं.

म्हणून चहाचं नाव काढल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आज चहा नको," फोरमन म्हणाला. "बघा घड्याळ. तीन बेचाळीसला शेवटचं गडगडलं, तुम्हीच लिहिलंय. आता सव्वाचार. अर्धा तास होऊन गेला. काटा हिरव्यात. अजून काय पाहिजे, आमंत्रण?"

"पाऊस आहे अजून."

"हा पाऊस आहे? याला पाऊस म्हणतात?" त्यानं दाराबाहेर हात काढला. खरंच भुरभुर होती. पश्चिमेला ढग फाटून पिवळा उजेडही पडला होता. "भोकांत पाणी चाललंय बाई. दारू भिजली तर उद्या निम्मी भोकं उडणार नाहीत. मग ती उकरायला कोण जाईल? तुम्ही?"

यात त्याचं चूक नव्हतं. न उडालेलं भोक म्हणजे झोपलेला साप. उकरणाऱ्यालाच ठाऊक, तो कधी जागा होईल. आणि उकरायला जाणारा पुन्हा दीरच.

दीराने दारातून मान आत घातली. म्हणाला, "वहिनी, वाजव ना. अर्ध्या तासाचं काम आहे. जोडतो आणि येतो."

ती लग्न होऊन आली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. नाक पुसायला शिकवलं तिनं, पाढे घेतले तिनं, पण रीत म्हणून पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'अहो'. "अहो भाऊजी, शेंबूड पुसा." शेजारणी हसून लोळायच्या. तो मात्र तिला 'तू' म्हणायचा, आईला म्हणावं तसं. फक्त चिडला की 'तुम्ही' म्हणतो. आयुष्यात तीन-चारदा म्हणाला असेल.

"भाऊजी, पंधरा मिनिटं. मी मागतेय म्हणून."

"कशासाठी पण?"

सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. फोरमन समोर होता, त्याच्या मागे पाटी होती, आणि काचेवर तिच्या हातचा हिरवा पट्टा होता, कुठे ओघळ नसलेला.

"भिंगरीत जाळं असेल," ती म्हणाली. "काटा नीट वाटत नाही."

"सकाळी तूच पुसलीस की. मी बघितलं." दीराने डोक्यावरचं हेल्मेट घट्ट केलं. "वहिनी, दादाचं झालं ते झालं. तेव्हा काटा नव्हता. आता काटा आहे, आणि काटा बरोबर आहे. तू घाबरतेस, एवढंच."

"घाबरते. मग?"

"मग राहू दे तुझा भोंगा. मी चाललो."

आणि गेलाच. दारातला एक पाय बाहेर होता, दुसराही बाहेर गेला.

ती फोरमनकडे वळली. "त्यांना थांबवा. भोंगा झाला नाही."

"नाही झाला तो तुमच्यामुळे." फोरमनने रेनकोटाचं बटण उघडलं. "जाऊ दे त्याला. शहाणा आहे."

काटेबाईने बारीक माप लावलं. बटण दोनदा निसटलं. काटा शून्याच्या उजवीकडे आला होता. चाळीस. साठ.

खिडकीतून खाणीचा उतार दिसायचा. ट्रक जायचा रस्ता, तीन वळणं, मग तळ. दीर पहिल्या वळणावर होता. चालताना तो हात जरा लांब ठेवतो, भरलेल्या बादल्या उचलल्यासारखे. लहानपणापासूनची सवय.

"शंभर," फोरमन म्हणाला. तोही आता काट्यावर वाकला होता. "हे बघा, शंभर. वहीत रोज तुम्ही हेच लिहिता ना? झालं समाधान?"

"थांबला का?"

"अं?"

"शंभरावर थांबला का तो, बघा."

काटा थांबला नव्हता. एकशे तीस. एकशे साठ. घाई नाही, गडबड नाही. दुपारची झोप झालेला माणूस उठून अंगणात येतो तसा आरामात चालला होता. दोनशे दहा.

"मोठ्या मापावर हिरव्यातच आहे अजून," फोरमन म्हणाला, पण आवाजात मघाचा दम नव्हता.

दीर दुसऱ्या वळणावर.

तिनं भोंग्याचं झाकण उचललं. फोरमनने बटणावर आडवा पंजा धरला. "काटेबाई, पाटी वाचा. काटा हिरव्यात असताना तीन भोंगे म्हणजे खोटा भोंगा. मी लिहून देईन. माझा नाइलाज होईल."

"द्या लिहून."

"अकरा वर्षांची नोकरी आहे. घरात कमावणारं दुसरं—"

"हात काढा."

"बाई, ऐका—"

तिनं त्याचा हात काढला नाही. सरळ त्याच्या हातावरच झाकण आपटलं. फोरमन कळवळून मागे झाला आणि तिनं बटण दाबलं. एक. दोन. तीन.

भोंगा खाणीच्या भिंतींवर आपटून परत आला. खाली दीर थबकला. मान वर करून केबिनकडे बघितलं. दोन्ही हात पसरले, काय म्हणून. मग हात झटकले आणि पुढे निघाला.

हे तिनं धरलं नव्हतं. अकरा वर्षांत तो भोंग्याला कधी नाही म्हणाला नव्हता. त्याला वाटलं असणार, वहिनीची भीती वाजतेय, काटा नाही. तिसऱ्या वळणानंतर भोकं साठ पावलं.

तिनं परत वाजवलं. तीन. दम न घेता परत तीन. आणि मग बोट काढलंच नाही. भोंगा रडका झाला, चिरकला, खाणीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडोशाला बसलेली माणसं बाहेर डोकावून बघायला लागली. काटेबाईचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं. फोरमन दुखरा हात काखेत धरून ओरडत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

दीराने हेल्मेट काढून चिखलात आपटलं. आणि वळला.

तो ऐकून आला नाही हां. तो भांडायला आला. उतार चढताना त्याची पावलं बघूनच कळत होतं. भोंग्याला मानणारा माणूस पळत येतो. हा पाय आपटत येत होता, वाटेतला दगड लाथाडत. तिला काय, येतोय ना? येऊ दे भांडायला. तिनं बोट काढलं आणि मोठं माप लावलं.

तो दारात आला तो धापा टाकत. "तुम्ही काय लावलंय हे?"

तुम्ही. झालं.

"सगळ्या खाणीसमोर माझी शोभा! लोक काय म्हणतील, वहिनीने पदराला बांधून ठेवलाय? मी पोर आहे? नऊ वर्षांचा आहे?"

"आत या. दार लावा."

"नाही लावत! तुम्हाला एवढी भीती वाटते तर घरी बसा. दादा बसलाय तसं. मला माझं काम करू द्या."

"हिरवा मी मारलाय," ती म्हणाली.

"काय?"

"तो पट्टा. मी मारलाय. चुकीचा मारलाय." एकदा तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा आलं. "शून्य म्हणजे निवांत नाही भाऊजी. निवांत म्हणजे शंभर, आणि शंभरावर थांबलेला. शून्यावरून काटा नुसता जातो, इकडून तिकडे. वादळ संपताना जातो, परत येतो, परत जातो. वहीत बघा, चांदण्या काढल्यात, एक्केचाळीस आहेत. मला चार वर्षं झाली कळून. मी बोलले नाही. मला लाज वाटली."

दीराने वही ओढून चांदण्यांवरून बोट फिरवलं.

मग दीर हळू आवाजात म्हणाला, आणि तो हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता, "चार वर्षं मी तुमच्या चहाची चेष्टा करतोय. सगळ्यांसमोर. आणि तुम्ही करू दिली? एक शब्द नाही? मला पण नाही?"

"नाही."

"मला पण नाही, वहिनी?"

"तुम्हाला तर नाहीच. तुम्ही त्या रंगाच्या भरवशावर रोज खाली जात होता."

"मग आज कशाला सांगता? आजही चहाच ठेवायचा होता!" तो परत भडकला. "खोटारडेपणा आहे हा! दादाचा कान गेला तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, कुणी एक शब्द बोललं असतं तर. म्हणाला होतात ना? मग तुम्ही—"

तो बोलत होता, बोटं नाचवत होता, आणि काट्याकडे त्याची पाठ होती. फोरमन मात्र काट्याकडे बघत होता. हात चोळायचा थांबला होता. काटा हिरव्यातून बाहेर पडला होता. उजवीकडे. हजार. पंधराशे. बाहेर पिवळं ऊन पडलं होतं, भुरभुर त्यात चमकत होती, कुठे गडगड नाही, काही नाही. दोन हजार. फोरमनने ओठांवरून जीभ फिरवली आणि भिंतीला टेकला.

"—तुम्ही तेच केलंत! आणि वर मलाच पदराला—"

काट्याने उडी मारली. उजवीकडून डावीकडे, कुणी कानाखाली दिल्यासारखा. त्याच क्षणाला पूर्वेच्या टोकाला, जिथे वादळ कधीच निघून गेलं होतं, तिथे एक पांढरी रेघ चमकली. एकच. आणि तिचा आवाज येण्याच्या आत जमीन खालून हबकली.

धाड. धाड-धाड. मग एकामागोमाग एक.

दीर खाली बसला. खिडकीची काच टिकली, पण चहाचं पातेलं खाली आलं. दगड शेडच्या पत्र्यावर पडत राहिले, आधी मोठे, मग बारीक, मग वाळूसारखे. शेवटी आभाळातला गडगडाट आला, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. खाणीतून पांढरा धूर वर यायला लागला आणि उन्हात तिरपा झाला.

शेडमधून आरोळी आली, "सगळे आहेत का?" बाहेर कुणीतरी नाव न घेता माणसं मोजली. सगळे होते. तळात कुणी नव्हतं.

"अकरा," दीर म्हणाला. सवयीनेच मोजले होते त्याने. "पंचवीस राहिली."

आणि मग त्याचे दात वाजायला लागले. ओल्या कपड्यांतला, बत्तीस वर्षांचा बाप्या, स्टूल असून जमिनीवर बसलेला. काटेबाईने खुंटीवरची तिची शाल काढून त्याच्या डोक्यावर टाकली आणि खसाखसा केस पुसले, नऊ वर्षांच्या पोराचे पुसावेत तसे.

"गाढवा," ती म्हणाली. "हेल्मेट टाकून आलास ना चिखलात?"

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला 'तू' म्हटलं. तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

त्या दिवशी पंचवीस भोकांकडे कुणाला जाऊ दिलं नाही. काटा अजून दोनदा इकडून तिकडे गेला, तिनं दोन चांदण्या काढल्या, अक्षर वाकडं आलं. साडेसहाला तो शंभरावर येऊन बसला. तरीही एक लांब भोंगा तिनं दिला तो दुसऱ्या दिवशी सकाळीच. फोरमनने विचारलं नाही. त्याने कागद काढला, काहीतरी लिहिलं, घडी घालून खिशात ठेवला. त्यात काय होतं ते कुणाला कळलं नाही, पण तिला घरी कुणी पाठवलं नाही. दोन दिवस तो तिच्याशी बोललाही नाही. हाताला पट्टी होती. ती पाटी अजून भिंतीवर आहे.

आणि नंतर खाणीत लोक म्हणायला लागले, सुरुंगवाल्याचं नशीब बलवत्तर. हे ऐकलं की डोकं सणकतं. कसलं नशीब? एक बाई अकरा वर्षं एका काट्याकडे टक लावून बसली, चुकली, चूक तिनंच शोधली, आणि नोकरी पणाला लावून बटणावर बोट ठेवलं. याला नशीब म्हणणाऱ्याने एक दिवस त्या स्टुलावर बसून दाखवावं.

घरी नवऱ्याला दीराने सगळं सांगितलं, उजव्या बाजूला बसून. नवरा हसला नाही. बराच वेळ तीन बोटांच्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला. मग बायकोला म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही डाव्या कानाने ऐकलं असतं," ती म्हणाली. तेव्हा मात्र तो हसला, आणि पहिल्यांदाच तीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी पुसून झाल्यावर ती ब्लेड घेऊन काचेसमोर बसली. दीर मुद्दाम लवकर आला होता, काच हलू नये म्हणून कडेने धरून उभा. जुना ऑइलपेंट लवकर सुटत नव्हता. बारीक बारीक हिरवे कपटे तिच्या मांडीवर पडत होते.

"आता नवीन कुठे मारायचा?" त्यानं विचारलं. "शंभरावर?"

"कुठेच नाही. शंभरावरूनही तो जातोच की कधी कधी. काल गेला नाही?"

"मग लोकांना कसं कळणार?"

"बसून बघायचं. थांबतोय का ते."

काचेवर शेवटचा कपटा राहिला होता, नेमका शून्याच्या डोक्यावर. तिनं नखाने खरवडला, तो निघाला. खाली काटा होता, एकशे पाचवर, हलत नव्हता. तिनं वही उघडून लिहिलं.

"वहिनी," दीर म्हणाला, "बघत बसायचंच आहे तर चहा ठेव. खरा."